पाळण्याला दोन लिंगं

माज्या पहिल्या बाळंतपणाचं कुणी इचारलं की मी सांगते, सोपं झालं. ते खरंच हाय. पोरगी पोटातनं भाईर आली ती सोपी आली. अवघड झालं ते मागनं, आणि ते मी पुढं कितीतरी वरसं सासू सोडून कुणाला सांगितलं न्हाय. आता आत्ती न्हाईत, मालक न्हाईत, आणि माजं वय असं झालंय की आता मला कोण माहेरी घालवून देणार, म्हणून लिहायला बसले. चौथीपातूर शिकलेय मी. चार ओळी लिहिल्या की दम लागतो, वाक्य कुटं थांबवायचं ते कळत न्हाय, तरी बोलते तशीच लिहिणार हाय.

बाळंतपण माहेरी झालं, सांगोल्याला. तितं त्या दुष्काळाच्या वरसांत पाण्याचा टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन पळायची, आणि माजी आई त्यातली एक घागर नातीच्या न्हाण्याला म्हणून बाजूला ठेवायची, तिला कुणाला हात लावू द्यायची न्हाय. न्हाऊ घालणं, शेक, धुरी, काजळ-तीट सगळं आईच करायची. माजी पोरगी जयू माज्या मांडीवर यायची ती पाजण्यापुरती. मी आपली बाजेवर पडून अळिवाची खीर प्यायची आणि बाजेखालच्या इस्तवाची ऊब घेत झोपायची. म्हंजे बघा, आई झाले पण आईचं काम काय बी शिकले न्हाय. जयू मान धरायला लागली तसं मालक न्यायला आले. एस.टी.च्या टपावर पाळणा, मालकांच्या मांडीवर लाडवांचा डबा, माज्या मांडीवर पोरगी, असे आमी सोलापूरला आलो.

आमचं घर म्हंजे नवी पेठंच्या मागच्या बोळात दोन खोल्या. पुढच्या खोलीत उखळ, मागच्या खोलीत चूल आणि न्हाणी. भिंतीला भिंत लावून पद्मशाली लोकांचे माग व्हते, ते गिरणीच्या सकाळच्या भोंग्याला सुरू व्हायचे, खटाखट खटाखट, ते दिवे लागंपातूर. आमी एकमेकांशी बोलायचो ते त्याच्यावरनं वरडून. नवीन पाहुणा आला की त्याला वाटायचं, ह्यांच्या घरात सारखी भांडणं चालू हायत. अंगणात सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून एक आड, कमरेएवढ्या कठड्याचा.

आत्ती म्हंजे माजी सासू. अक्कलकोटाकडच्या. मराठी चांगलं बोलायच्या, पण राग आला की कानडी, आणि माया आली तरी कानडीच, त्यामुळं पहिलं वरीसभर मला कळायचंच न्हाय की ह्या मला शिव्या देतायत का लाड करतायत. सासरे कदीच गेले व्हते. आत्ती शेंगाची चटणी करायच्या आणि पेठेतल्या दुकानांना घालायच्या. शेंगदाणं भाजायचं, सालं काढायची, लसूण, तिखट, जिरं, मीठ, आणि मग मुसळानं कुटत ऱ्हायचं, तेल सुटून चटणी उखळाला चिकटायला लागंपातूर. आमच्या कपड्यांना, केसांना, पाळण्याच्या दोरीला बी लसणाचा वास व्हता. मालक होटगी जंक्शनला रेल्वेत, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. घरात असले तर झोपलेले असायचे.

आता एक सांगावं लागंल, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय. आमच्यात मूल जन्मलं की, पोरगी असो पोरगा असो, स्वामी, म्हंजे आमचे गुरू, येऊन त्याला शिवाचं लिंग बांधतात. ते त्याचं स्वतःचं. जलमभर अंगावर आणि मेल्यावर बी सोबत. तान्ह्या पोराच्या गळ्यात घातलं तर ते टोचतं, न्हायतर तोंडात जातं, म्हणून आमच्या घरात ते कापडाच्या पुरचुंडीत घालून पाळण्याच्या दोरीला, डोक्याच्या बाजूला बांधून ठेवायची रीत. मोठ्या माणसानं मातर गळ्यातलं काढायचं न्हाय. सकाळी आंघोळ करून पाटावर बसायचं, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, इबूत लावायची, बेलाचं पान, थेंबभर पाणी, आणि त्याच्याकडं बघत बसायचं. ते झाल्याबिगर तोंडात पाण्याचा घोट घालायचा न्हाय. लिंग काळं कुळकुळीत असतं, जांभळाएवढं, आणि समोरच्या दिव्याची ज्योत त्यात टिकलीएवढी दिसती. त्या टिकलीकडं बघायचं. ल्हानपणापासनं मी हे केलं व्हतं, पण म्हणजे दात घासावं तसं. त्यात काय हाय हे मला ठाव नव्हतं.

पहिल्यांदा झालं ते भर सकाळी. आत्ती चटणी घेऊन पेठेत गेल्या व्हत्या. आडावर माजी कळशी राहिली व्हती ती आणायला गेले, जयू कडेवर. कळशी उचलायला कठड्याशी वाकले, आणि कुणीतरी कानाशी बोलावं तसं डोक्यात आलं, हिला सोडली तर? बास, एवढंच. माजा हात तिच्या पाठीवर घट्ट व्हता. मी काय बी केलं न्हाय. पण कळशी तितंच टाकली आणि पळत घरात आले, दार लावून घेतलं. मग वाटलं, आत तर मी आणि ती दोघीच हाय. मग दार उघडलं. उंबऱ्यात बसले पोरीला घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल अशी, आणि आत्ती येईपातूर हललेच न्हाय.

मला वाटलं एकदा आलं, गेलं. पण त्यानं घरच बघून ठेवलं माजं. इळीवर वांगी चिरायला बसले की इळी दाखवायचं. चुलीवर आधण ठेवलं की आधण. मुसळ हातात घेतलं की मुसळ. जे जे समोर येईल त्याच्याकडं बोट करून सांगायचं, ह्यानं असं व्हईल, तुज्या हातनं व्हईल. मी इळी ज्वारीच्या कोठीमागं लपवली आणि भाजी हातानं मोडून घालायला लागले.

"नंदे," आत्ती ताटात बघून म्हणाल्या. माजं नाव महानंदा, पण आत्तींच्या तोंडात नंदे. "वांगी दातानं फोडलीस काय गं? इळी कुटं गेली?"

"असंल की आत्ती, कुटंतरी."

"कुटंतरी म्हंजे? चालत गेली काय अक्कलकोटला?"

मग मी पोरीला हातात घ्यायचंच टाळायला लागले. पाजायची ती आत्ती समोर असल्या तरच. न्हाऊ घालायचं आत्तींवर. "आत्ती, तुमी घ्या की हिला, मी चटणी कुटते," असं म्हणून म्हणून मी सगळी चटणी माज्या अंगावर घेतली. हाताला घट्टे पडले. आत्तींना आधी बरं वाटलं, सून कामाची हाय, मग त्या माज्याकडं बारीक नजरेनं बघायला लागल्या. शेजारच्या मागवाल्यांची लक्ष्मम्मा एकदा दारात उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं, पयली पोरगी झाली म्हणून तोंड पाडून बसलीस? मला चार हाय बघ, चारी मागावर बसतात!" मालक बी एकदा जेवता जेवता म्हणाले, "आमच्या घरात पोरगी म्हणून कोण काय बोललंय का तुला? मग घेत का न्हाईस तिला?" मी काय सांगणार? मला पोरगी इतकी आवडायची की ती झोपली की मी तिच्या टाळूचा वास घेत बसायची, आणि त्याच डोक्यात मला वाटायचं की मीच हिला मारणार हाय. हे दोन्ही एका माणसात कसं असंल? सांगितलं तर म्हणतील येडी झाली, हिला सांगोल्याला घालवा आणि पोरगी हितं ठेवा. माज्या माहेरच्या गल्लीत एकीचं तसं झालं व्हतं. ती मग रोज एस.टी. स्टँडवर जाऊन बसायची.

देवाकडं जावं म्हटलं तर तितं तर लईच वाईट. लिंग तळहातावर घेतलं, बघायला लागले, की त्या काळ्यात मला आडाचं पाणीच दिसायचं. देवाच्या तोंडासमोर असला घाण इचार! मी घाईघाईनं नमः शिवाय, नमः शिवाय म्हणत सुटायची, इतकं भराभर की श्वास घ्यायला सवड न्हाय, आणि जितकं भराभर म्हणायची तितका त्यो इचार जोरात यायचा. घामानं पदर भिजायचा. पूजा झाली की मी थकून भिंतीला टेकायची, आणि आत्ती म्हणायच्या, "जप करतीस का कावळे हाकलतीस?"

आणि मग मी जे केलं ते आमच्यातल्या बाईला सांगितलं तर ती आजून बी कानावर हात ठेवील. मला वाटलं, जयूचं लिंग तान्हं हाय, तिच्याएवढंच. ते माज्याशी कसं झगडणार? माजं लिंग मोठं, माज्या ल्हानपणापासनं पूजा झालेलं. म्हणून एका सकाळी न्हाणीतनं भाईर आले आणि गळ्यातला दोरा काढून माजं लिंग पाळण्याच्या दोरीला बांधलं, जयूच्या पुरचुंडीला चिकटून. माज्यापासनं माज्या पोरीला राखायला. मग पाटावर भिंतीकडं तोंड करून बसले, पदराखाली रिकामा तळहात धरला आणि पूजा केल्याचं सोंग केलं. नंतर पूजेबिगर पाणी बी प्याले. पण पाळण्याकडं बघितलं की बरं वाटायचं, तितं आता दोन पहारेकरी हायत.

चार-पाच दिवस असं चाललं. मग एकदा दुपारी जयूनं पाळण्यात ओलं केलं. मी उखळापाशी. आत्तींनी पोरीला मांडीवर घेतलं आणि झोळीचं कापड सोडवायला म्हणून दोरीला हात घातला.

"नंदे. हितं ये."

मी मुसळ ठेवून गेले.

"हे काय हाय?"

"जयूचं लिंग."

"आणि हे?"

आत्तींनी माज्या गळ्याकडं बघितलं. तितं दोरा नव्हता. त्यांचं तोंड पांढरं पडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"कवापासनं?"

"चार-पाच दिस झालं."

"आणि पाणी पितीस? जेवतीस?"

"व्हय."

आत्ती कानडीत कायतरी पुटपुटल्या. त्यो राग व्हता का माया, मला त्याही वेळी कळलं न्हाय. मग म्हणाल्या, "पोरीला काय झालंय? ताप हाय? कुणाची नजर लागलीय? कुणी काय बोललं?"

"न्हाय."

"मग कुणापासनं राखायलीस तिला?"

"माज्यापासनं," मी म्हटलं. पण पलीकडं माग चालू, त्यांना ऐकूच गेलं न्हाय.

"काय?"

"माज्यापासनं!"

"अगं मोठ्यानं बोल की!"

"माज्यापासनं, आत्ती, माज्यापासनं!" मी जीव खाऊन वरडले, आणि नेमका तवाच पलीकडं धागा तुटला असंल, माग थांबला, आणि माजं वरडणं बोळभर गेलं.

मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. आड, इळी, आधण, मुसळ, सगळं, एका दमात, रडत, नाक पुसत. सांगताना मी आत्तींच्या मांडीवरच्या जयूकडं बघत व्हते, वाटत व्हतं की आता ह्या तिला पदराखाली घेतील आणि म्हणतील, लांब हो. पण आत्तींनी पोरीला तसंच ठेवलं, आमच्या दोघींच्या मधी. माजं संपल्यावर इचारलं, "हात उचललास कदी तिच्यावर?"

"न्हाय."

"चिमटा काढलास?"

"न्हाय वो आत्ती!"

"मग?"

"पण इचार येतोय की! पूजेत बी येतोय, लिंगासमोर!"

आत्तींनी एक मोठा श्वास सोडला, मांडी घालून नीट बसल्या आणि म्हणाल्या, "माज्या सासूला तू बघितलं न्हाईस. एवढीशी बाई, आणि आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. भाकरी जरा वाकडी झाली की ती कुत्र्याला टाकायची आणि मला म्हणायची, जा, कुत्र्याला इचारून ये, गोड लागली का. मी रोज सकाळी लिंग हातावर घेतलं की मला काय दिसायचं ठाव हाय? म्हातारी आडावर वाकलीय, आणि मी मागनं जाऊन..." आत्तींनी दोन्ही हातांनी हवेत ढकलून दाखवलं. जयू खुदकन हसली.

"आत्ती!"

"आत्ती काय? रोज. वरसानुवरसं. श्रावणातल्या सोमवारी बी, उपास धरून."

"मग?"

"मग काय, ढकललं का मी? शेवटाला ती अंथरुणावर पडली तवा चमच्यानं पाणी मीच पाजलं. गेली ती माजाच हात धरून गेली. सोडतच नव्हती, बोटं एकेक करून सोडवावी लागली. आपण तसलं करणाऱ्यातलं असतो तर घाबरलो असतो का गं? तू घाबरतीस, इळ्या लपवतीस, देवाला पहाऱ्यावर बसवतीस. जी करणार असती ती असलं करत बसंल?"

मला एकदम हसू आलं. रडत रडत हसू. सोलापूरला परत आल्यापासनं मी हसले न्हाय हे मला तवा कळलं, गाल दुखले म्हणून.

आत्तींनी माजं लिंग सोडवलं, पाण्यानं धुतलं, आणि स्वतःच्या हातानं माज्या गळ्यात बांधलं. मी भीत भीत इचारलं, "स्वामींना सांगावं लागंल का? लिंग अंगावेगळं झालं म्हणून?"

"काय सांगायचं? लिंग पोरीपाशी व्हतं, आई बी पोरीपाशी व्हती. लांब कुटं गेलं?"

"आणि ह्यांना?"

"त्याला गाडी कुठल्या रुळावर घालायची एवढं कळतंय, पुरे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्तींनी त्यांच्या पाटाशेजारी माजा पाट मांडला. दिवा लावला. जयूचा पाळणा मुद्दाम जवळ ओढला. म्हणाल्या, "आता घे हातावर. आणि सुम्म कूड." ते कानडी मला येत व्हतं तेवढं, सुम्म कूड म्हंजे नुसती बस. मी जप सुरू केला तर त्यांनी माज्या गुडघ्यावर चापट मारली. "नुसती म्हटलं ना. जप नंतर. आधी बघ."

"वाईट आलं तर?"

"येऊ दे."

"हाकलायचं न्हाय?"

"पलीकडं माग वाजतोय. ऐकू येतोय का?"

"येतोय की."

"त्यो बंद करायला उठून जातीस का तू? मागवाल्याशी भांडतीस? न्हाय. त्यो त्याचा वाजतोय, तू तुजी चटणी कुटतीस. तसं. इचार वाजू दे. तू टिकलीकडं बघ आणि श्वास घे, माणसासारखा. म्हशीमागं पळाल्यासारखा नगं."

मी बघायला लागले आणि दोन श्वासात त्यो आलाच, आडासकट, पाण्यासकट. तळहात थरथरायला लागला, बेलाचं पान खाली पडलं, आता लिंग बी पडंल असं वाटलं. लिंग पडणं म्हंजे आमच्यात लई वाईट. आत्तींनी त्यांचा उजवा हात माज्या हाताखाली लावला, खालनं, ताटाला आधार द्यावा तसा. त्यांच्या तळहाताला लसणाचा वास. मी रडत व्हते आणि बघत व्हते. इचार आला, फिरला, मला काय काय दाखवलं, आणि मग मला भूक लागलीय असा दुसराच इचार आला, आणि मग आज आठवड्याचं दळण न्यायचंय असा. आणि ज्योत तितंच व्हती. एवढंच झालं पहिल्या दिवशी. पण मी पाटावरनं उठले ती पळून उठले न्हाय, हे नवीन व्हतं.

रोज बसायला लागलो. काही दिवस बरं जायचं, काही दिवस लई वाईट, कदी वाटायचं हे सगळं खोटं हाय, आत्ती माजी समजूत घालतायत. एकदा मी म्हटलं, "आत्ती, तुमचं मन लागतंय का हो?" तर म्हणाल्या, "आज तर मी अख्खा वेळ पेठेतल्या त्या दुकानदाराशी भांडत व्हते, चटणी खारट म्हणाला मेला." आणि असंच कवातरी एका सकाळी, बसल्या बसल्या, मला माजा श्वास ऐकू आला. माग चालू असताना. नाकातनं आत, नाकातनं भाईर. आडाचा इचार बी व्हता की, कोपऱ्यात, बसून. पण त्याच्या आणि माज्यामधी जागा व्हती, मोकळी, सारवून ठेवलेल्या अंगणासारखी. मी त्या जागेत बसले व्हते. किती वेळ ते ठाव न्हाय. जयू उठून कुरकुरली तवाच मी हलले, आणि उठताना माजी पाठ दुखत नव्हती, जबडा दुखत नव्हता. कितीतरी दिवस मी दात आवळून जगत व्हते ते मला जबडा सुटल्यावर कळलं.

आता माजी नात बाळंत झाली तवा तिनं बी एक दिवस माज्या कुशीत शिरून सांगितलं, आज्जी, डोक्यात घाण येतंय. मी तिला आत्तींची गोष्ट सांगितली, तिच्या हाताखाली हात धरून बसले, आणि दवाखान्यात बी नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या लई जणींना व्हतं हे, गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. मला इतकं बरं वाटलं. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर मी तेबी आनंदानं घेतलं असतं. नुसतं बसलं की सगळं जातं, असं माजं म्हणणं न्हाय. जात न्हाय. आजून बी कदी कदी आगगाडीच्या फलाटावर उभी राहिले की डोक्यात कायतरी येतंच. येतं, आणि जातं, आणि मी पिशवी सांभाळत उभी असते.

पण तवा जयूच्या वेळी एक राहिलं व्हतं. न्हाणी. बाकी सगळं मी करायला लागले व्हते, इळी कोठीमागनं काढली व्हती, जयूला घेऊन दारात उभी राहायची, लक्ष्मम्माशी गप्पा मारायची. न्हाऊ घालणं मातर आत्तींच्याच अंगावर. गरम पाणी, गुळगुळीत पोरगी, बंद दार. मी त्याचा इषय काढायची न्हाय आणि आत्ती बी काढायच्या न्हाईत. मग एका सकाळी त्यांनी चटणीचे डबे टोपलीत भरले, टोपली डोक्यावर घेतली आणि दारातनंच म्हणाल्या, "पेठेत चाललेय. उशीर व्हईल. पोरीला न्हाऊ घाल, तिला तेल लावून ठेवलंय मी."

"आत्ती, तुमी आल्यावर..."

"तेल लावलेलं पोर दुपारपातूर ठेवतीस काय? माश्या बसतील." आणि गेल्या. मालक होटगीला. घरात मी आणि तेलात चमकणारी जयू, पाय झाडत.

मी लगेच न्हाणीत गेले न्हाय. पाटावर बसले आधी. लिंग हातात घेतलं न्हाय, पूजा झालीच व्हती, नुसती बसले. छाती धडधडत व्हती ती धडधडू दिली. मग उठले. हंड्यातलं पाणी बादलीत काढलं, विसण घातलं, कोपर बुडवून बघितलं, आणखी विसण घातलं. पाटावर पाय लांब करून बसले आणि जयूला पायांवर पालथं घातलं. आई घालायची तसं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण खाटेवर पडल्या पडल्या बघितलेलं सगळं आठवायला लागलं. डाळीचं पीठ आणि साय चोळली, काखेत, मांडीच्या घड्यांत, मानंच्या सुरकुतीत. तांब्या भरला.

आला. त्योच आवाज, कानाशी. मी तांब्या धरून तशीच ऱ्हायले. पळाले न्हाय, नमः शिवाय म्हटलं न्हाय. पलीकडं माग चालू व्हता. माजा डावा हात जयूच्या कपाळाखाली व्हता, पाणी नाकात जाऊ नये म्हणून, आणि मी त्या हाताकडं बघितलं. त्यो हात काय करतोय त्याला पक्कं ठाव व्हतं. मग मी पाणी ओतलं, पाठीवर, हळू. जयूनं अंग आखडलं आणि मग सैल सोडलं, सुस्कारा टाकला म्हातारीसारखा. दुसरा तांब्या ओतला. तिसऱ्याच्या वेळी परत आला, मी परत ऐकलं, परत ओतलं. मग उताणी केली तर पोरीनं माज्याच लुगड्यावर धार सोडली, आणि मी तिला म्हटलं, "अगं भवाने, आत्ताच का!" आणि एकटीच हसले न्हाणीत.

पुसली, धुरी दिली, काजळ घातलं, गालाला तीट लावली ती जरा मोठीच झाली. आत्ती आल्या तवा ऊन डोक्यावर आलं व्हतं. रिकामी टोपली भिंतीशी ठेवली, पाय धुतले, पाळण्यात डोकावल्या. पाळणा रिकामा. मी आतल्या खोलीत पोरीला घेऊन बसले व्हते.

"न्हाऊ घातलीस?"

"व्हय."

"इचार आलता?"

"आलता की. दोनदा."

"मग?"

"मग हिला भूक लागली. वरडाय लागली. पाजत बसले."

आत्ती माज्यासमोर भिंतीला टेकून बसल्या, पदरानं वारा घेतला, आणि म्हणाल्या, "मग तिचं झालं की मला बी वाढ कायतरी. सकाळपासनं पोटात अन्न न्हाय माज्या."